चिखल ओला असताना

हरेशचा फोन आला तेव्हा मी बदलापूरच्या बाजारात मेथीच्या जुड्या चाळत उभी होते. फोन कानाला लावला, तर पलीकडून फक्त एवढंच आलं, "अम्मा हली वेई." अम्मा गेली. हरेश माझ्याशी कधी सिंधीत बोलत नाही. आमची ती उल्हासनगरची मराठी-हिंदीची मिसळ असते, तीच बोलतो. त्या क्षणी पलीकडे कोण आहे हे त्याच्या ध्यानात नसावं, आणि ही भाषा आपली नाही हे माझ्याही ध्यानात आलं नाही. मी निवडलेली जुडी परत ठेवली आणि भाजीवाल्या मावशींना म्हटलं, "आज राहू द्या." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "कोण गेलं गं?" आणि मला चटकन सांगता येईना. मालकीण म्हणावं तर ते फार थोडं झालं असतं. मैत्रीण म्हणावं तर आमच्या वयात पुष्कळ अंतर. शेवटी म्हटलं, "दादी गेली." "म्हणजे आजी?" "नाही... थोरली बहीण."

हा घोटाळा पहिल्या दिवशी माझाही झाला होता. बारावी होऊन मी चामटोलीच्या घरी बसले होते. वडील शेती करायचे, आणि त्यांच्या ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की उल्हासनगरला एका ऑफिसात टायपिंग येणारी मुलगी हवी आहे. जुन्या बरॅकच्या जागी उठलेली दुमजली इमारत. खाली जीन्स शिवायच्या मशिनांची घरघर, वर ऑफिस. दारातल्या माणसाने सांगितलं, "अंदर दादी बैठी है, मिल लो." पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली कुणी म्हातारी असेल असं धरून मी आत गेले. आत चाळिशीही न गाठलेली एक बाई फोनवर कुणाला तरी तीन भाषांत झापत होती. मी म्हटलं, "मला दादींना भेटायचंय." ती म्हणाली, "मीच. बस." मग कुणीतरी माझ्यापुढे भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास आणून ठेवला. मी संकोचून बसून राहिले. "खा ना. आमच्यात माणूस घरात आला की पहिले पापड-पाणी. काम काय येते ते नंतर सांग." सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण, हे मला त्या दिवशी कळलं. तिचं नाव मोहिनी. पण मी तिला नावाने हाक मारलेली मला आठवत नाही, आणि तिने मला 'नंदा, पुट' याखेरीज दुसरी हाक मारलेली आठवत नाही. पुट म्हणजे बाळ. पुढे मला सून आली तरी मी तिची पुटच होते.

दादीचा धंदा माल सोडवण्याचा. परदेशातून आलेला माल बंदरावर उतरतो, तो काय आहे, कुणाचा आहे, त्यावर ड्यूटी किती हे सगळं सरकारला पटल्याशिवाय तो बंदराच्या फाटकाबाहेर येत नाही. व्यापाऱ्याच्या वतीने हे सगळं करून देणारा तो क्लिअरिंग एजंट. ही एजन्सी तिच्या नवऱ्याची. तो अचानक गेला तेव्हा हरेश शाळेत होता. ती एजन्सी विकेल म्हणून दोघे-तिघे वाट बघत बसले होते. तिने विकली नाही, स्वतः परीक्षा देऊन परवाना आपल्या नावावर करून घेतला. बंदरावरच्या खिडक्यांपुढे तेव्हा ती एकटीच बाई असायची. चेनी आणि बटणं, शिलाई मशिनांचे सुटे भाग, अंबरनाथ एमआयडीसीतल्या कारखान्यांचे व्हॉल्व्ह... असल्या रुक्ष मालात ती रमायची. मराठी ती धडाकून बोलायची, लिंगाची पर्वा न करता. "तो माणूस आली का?" मी हसले की म्हणायची, "टेबल ते, खुर्ची ती, पंखा तो. एका खोलीत तीन तऱ्हा. हे तुमच्यात कोणी ठरवलं?"

तिच्या घरची एक गोष्ट ती नेहमी सांगायची, आणि तेव्हा तरी हसत सांगायची. तिची आई सिंधमधून बोटीने आली आणि बाकीच्यांसारखीच कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बरॅकमध्ये येऊन पडली. एका बरॅकमध्ये अनेक कुटुंबं, मधे गोणपाटाचे पडदे. पहिली थंडी त्यांच्यावर फार कडक गेली. पोरं खोकत होती, आणि बातमी अशी होती की परदेशातल्या दयाळू लोकांनी निर्वासितांसाठी लोकरीचे कोट पाठवले आहेत, बोट यायचीच आहे. बोट आली, कोट कुठे कुठे अडले, कुणाच्या सहीवाचून पडून राहिले, आणि छावणीत वाटले गेले तेव्हा भर वैशाख होता. उन्हात पत्रे तापलेले आणि लोक हातात लोकरीचे कोट घेऊन उभे. दादीच्या आईने ते कोट उसवले आणि त्यांची रल्ली शिवली. रल्ली म्हणजे त्यांच्याकडची गोधडी. दादीचं लहानपण त्या रल्लीखाली गेलं. "एका कोपऱ्यात कोटाच्या बटणाचं भोक तसंच राहिलं होतं," ती सांगायची, "मी त्यात बोट घालून झोपायची." ऑफिसात कुणी उशिरा काही आणलं, की ती म्हणायची, "आले बघ, वैशाखातले कोट." आम्ही सगळे हसायचो.

लग्न होऊन मी बदलापूरच्या मांजर्लीत आले. यांची नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत, माझी उल्हासनगरला, घर तळमजल्याचं आणि नदी जवळ. नदी जवळ आहे याचं आम्हांला कौतुकच होतं. त्या वर्षी जुलैत पाऊस थांबेना, आणि एका दुपारी उल्हास आमच्या आळीत शिरली. सासूबाईंना खुर्चीत बसवून यांनी आणि शेजाऱ्यांनी वरच्या मजल्यावर नेलं. मी पोरांना घेतलं आणि देव घेतले. गच्चीवरून आम्ही आमचाच फ्रिज दारातून बाहेर पडताना पाहिला. पाणी ओसरलं तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता, आणि त्याला असा वास होता, की तो नाकातून जायला पुढे कित्येक दिवस लागले.

रस्ता थोडा मोकळा झाला आणि दादी आली. टेम्पो लांब उभा करून ती साडी खोचून चिखलातून चालत आली. बरोबर डाळ-पालकाची साई भाजी आणि भाताची मोठी पातेली, आणि जीन्सच्या कारखान्यांतून गोळा केलेल्या कात्रणांची गाठोडी. "फरशी पुसायला याच्यासारखं कापड नाही," ती म्हणाली, आणि वाकून पुसायलाच लागली. आमची सगळी आळी त्या निळ्या कात्रणांनी पुसून निघाली. निघताना तिने सासूबाईंना विचारलं, "माताजी, काय लागेल?" सासूबाई म्हणाल्या, "घरभर पाणी होतं बाई, पन प्यायला नाय."

दादीचा धाकटा भाऊ दुबईला. तिने तिथल्या तिथे, आमच्या ओट्यावर बसून त्याला फोन लावला. त्याने आपल्या ओळखीच्या व्यापाऱ्यांना सांगितलं, आणि बघता बघता एक कंटेनर भरला. विजेशिवाय चालणारे पाण्याचे फिल्टर, पाण्यात टाकायच्या गोळ्या, ब्लँकेटं, छोटे पंप. आमच्या आळीच्या मंडळाच्या नावाने माल बोटीवर चढला. गणपती यायच्या आत तो बंदरावर उतरलाही. आणि तिथेच थांबला.

मदत म्हणून आलेल्या मालावर ड्यूटी माफ होती, नाही असं नाही. पण माफी मिळायला दाखला लागायचा. दाखला देणारं खातं म्हणायचं, आत काय आहे ते तपासून आणा. बंदरावर म्हणायचे, दाखला आणा मग उघडू. बरं, माफी नको, ड्यूटी भरून टाकतो म्हटलं, तर मंडळाच्या नावाने आयात करता येत नव्हती, कारण मंडळ काही आयातदार नव्हतं. गोळ्या औषधात मोडतात म्हणून त्यांची परवानगी वेगळी. कुणी दुष्टपणा करत होतं असं नाही. खिडकीमागचे लोक दादीला वर्षानुवर्षं ओळखत होते, चहा पाजत होते, हळहळत होते. पण प्रत्येकाच्या पुढ्यातला नियम त्याला जेवढं करू देत होता तेवढंच तो करत होता. दादीने आयुष्यभर लोकांच्या चेनी आणि बटणं सोडवली होती. हा एक कंटेनर तिला सोडवता येत नव्हता.

आमच्या दोन घरं पलीकडे प्रतिभा राहायची. नुकतं लग्न झालेली, सातवा सरलेला, बाळंतपणाला माहेरी जायची होती. मी संध्याकाळी कामावरून आले की ती दारातून विचारायची, "नंदाताई, आला का तुमचा दुबईचा फिल्टर?" मी म्हणायची, "येतोय." ती हसून म्हणायची, "माझं बाळ येईल आधी." आळीत सगळे पाणी उकळून पीत होतो, म्हणजे जमेल तेव्हा उकळत होतो. सिलिंडर मिळत नव्हते, स्टोव्ह वाहून गेलेले. मग एक दिवस तिचे डोळे पिवळे दिसले. कावीळ आळीत आणखीही काही जणांना झाली, ते सगळे उठले. गरोदर बाईला ती फार वाईट, असं डॉक्टर म्हणाले. प्रतिभा आठवड्याच्या आत गेली... आणि तिचं बाळही.

फिल्टर वेळेवर आले असते तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. दादीही कधी म्हणाली नाही. तसं कुणालाच सांगता येणार नाही. पण ती गेली तेव्हा ते फिल्टर एका पत्र्याच्या पेटीत, कुलूपबंद, मांजर्लीपासून फार तर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होते. एवढं मात्र खरं आहे.

दसरा झाल्यावर कंटेनर सुटला. तोवर नळाला स्वच्छ पाणी येत होतं, भिंतींना रंगही लागले होते. मंडळाने माल वाटला, फोटोबिटो निघाले. दादी मात्र एक फिल्टर उचलून प्रतिभाच्या घरी गेली. मी बरोबर होते. प्रतिभाची सासू दारात उभी राहिली. खोक्याकडे बघून म्हणाली, "आता कशाला आनलंत?" दादी खोकं पुढ्यात ठेवून तशीच उंबऱ्याबाहेर खाली बसली. मग त्या बाईनेच वाकून खोकं उचललं. "ठेवते. कुनाला तरी लागंल," असं म्हणत ती आत गेली. परतताना रिक्षात दादी म्हणाली, "अम्माचे कोट, नंदा. परत तेच कोट." त्यानंतर ती गोष्ट तिने हसत कधीच सांगितली नाही. सांगितलीच नाही म्हटलं तरी चालेल.

दादी काही मोर्चे काढणारी बाई नव्हती. तिचं पोट बंदरावर होतं, तिथल्या साहेबांशी भांडून तिला चालणार नव्हतं. तिने अर्ज करायला सुरुवात केली, ती मुकाट्याने. तिचं मागणं एका ओळीचं होतं. आपत्तीसाठी आलेला माल आधी सोडा, कागद मागाहून बघा. हे ती मराठीत, हिंदीत, इंग्रजीत मला टाइप करायला सांगायची आणि कुठे कुठे पाठवायची. व्यापाऱ्यांची सभा असो, एजंटांची बैठक असो, शेवटी "आणखी कुणाला काही?" म्हटलं की ती उभी राहायची. पुढे पुढे ती उठताना दिसली की लोक चपला शोधायला लागत.

एकदा एका मोठ्या साहेबांनी तिला समोर बसवून घेतलं. मी फाइल घेऊन मागे उभी होते. साहेब सज्जन होते. म्हणाले, "मॅडम, तुमचं दुःख मला समजतं. पण मदतीच्या नावाखाली काय काय येतं ते तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दार उघडं टाकलं तर पुरापेक्षा जास्त माल आत येईल." दादीने मान डोलावली, कारण ते खरं होतं. पूर ओसरल्या ओसरल्या तिच्याच एका जुन्या गिऱ्हाइकाने तिला सुचवलं होतं, की माझी कापडाची खेप मदतीत दाखव, कोण बघतंय. तिने त्याला पापड-पाणी दिलं आणि त्याचं काम कायमचं बंद केलं. साहेबांच्या केबिनमधून बाहेर पडल्यावर ती जिन्यात थांबली आणि म्हणाली, "तो बरोबर बोलतो. दार उघडं टाकायचं तर दारात कोणीतरी उभं पाहिजे."

तिच्या पुढच्या अर्जात एक ओळ वाढली. एजंटने हमी द्यावी. माल ताबडतोब सुटावा, तपासणी नंतर व्हावी, आणि त्यात खोटं निघालं तर त्या एजंटचा परवाना जावा. यावर तिच्याच धंद्यातले लोक मात्र खवळले. उल्हासनगरातल्याच एका हॉलमध्ये बैठक होती. "दादी, परदेशात पेटीत कोण काय भरतं ते आपल्याला दिसतं का? मदत करणार ते, आणि गळा आमचा?" एकाने विचारलं. दादी म्हणाली, "मला सांग, साईं, बटणांच्या पेटीत काय भरतात ते तुला दिसतं? तिथे सही करतोस ना? तिथे पैसा मिळतो म्हणून करतोस." त्या दिवशी तिच्याबरोबर चहा प्यायला कुणी थांबलं नाही. हरेश तोवर एजन्सीत काम करू लागला होता. तोही घरी येऊन बोलला, "अम्मा, लायसन तुझं एकटीचं नाही. त्याच्यावर माझं घर चालतं." ती म्हणाली, "माहीत आहे." पण अर्ज तिने मागे घेतला नाही.

वर्षं गेली. आमच्या सासूबाई गेल्या, माझी मुलं नोकरीला लागली, दादीचे केस पांढरे झाले आणि 'दादी' ऐकून लोकांना आता बरोबर वाटू लागलं. मग एका पावसाळ्यात खाली कोकणात नद्यांनी गावंच्या गावं बुडवली, आणि त्या वेळी वरून आदेश निघाला. पूरग्रस्तांसाठी येणारा माल एजंटच्या हमीवर लगेच सोडायचा, कागदपत्रं मागाहून पुरी करायची. हे दादीच्या अर्जांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. देशभर कित्येकांनी हेच मागितलं असेल, कुणी मोठ्यांनी ते मनावर घेतलं असेल. पण तो आदेश मी तिला वाचून दाखवला तेव्हा तिने मला तीनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "आता माल लागेल," आणि दुबईला फोन लावला.

तो कंटेनर बंदरावर उतरला आणि दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर आला. हमीवर सही दादीची. हरेशने कागद तिच्यापुढे सरकवला, पण पेन त्याने दिलं नाही. तिने आपल्या पर्समधलं काढलं. माल घेऊन ट्रक कोकणात निघाला तेव्हा ती म्हणाली, मी जाणार. गुडघे दुखत होते, साखर वाढलेली, हरेश डोक्याला हात लावून बसलेला. शेवटी त्याने गाडी काढली, दादी पुढे, मी मागे, आणि आम्ही ट्रकच्या मागोमाग घाट उतरलो.

त्या गावातली एक आळी अगदी आमच्या मांजर्लीसारखी होती. तीच गाद्यांची रास, तोच वास. एका घरासमोर एक बाई गढूळ पाण्यात भांडी विसळत होती. दादी गाडीतून उतरली आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर त्या घराच्या भिंतीपाशी गेली. भिंतीवर पाण्याची रेघ होती, तिच्याखाली चिखलाचा थर. दादीने त्यावर बोट टेकलं. बोट आत गेलं. तिने ते माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "बघ नंदा. चिखल ओला आहे." मला आधी कळलं नाही, मग आमच्या रंग लागलेल्या भिंती आठवल्या. "ओला आहे अजून," ती परत म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला गेली तर तोच चिखल तिच्या गालाला लागला. भांडी घासणारी बाई उठून आली आणि तिने पदराने दादीचा गाल पुसला. तिला वाटलं असेल, यांचंही घर इथेच कुठे बुडालं असावं. मी फिल्टरचं खोकं फोडलं. पहिला ग्लास भरला तो त्या बाईने आपल्या नातीला दिला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं... पण दुपारी ब्लँकेटांची खोकी फोडताना तळातल्या काही खोक्यांत मोबाइलची नवीकोरी कव्हरं आणि चार्जर निघाले. वर ब्लँकेट, खाली हे. दुबईतल्या कुणीतरी आपला माल त्यात घुसवला होता. वाटेत तो गुपचूप कुणाच्या तरी दुकानात उतरायचा असावा, पण ट्रक थेट इथे आला होता. हरेशचा चेहरा उतरला. त्याने खोकी बंद केली आणि हळूच म्हणाला, "अम्मा, कुणाला कळणार नाही. तपासणी झाली तरी कव्हरांचं कोण बघतंय. नदीत टाकून देऊ." दादी ओट्यावर बसली होती. तिने विचारलं, "आणि पुढच्या खेपेला?" तो म्हणाला, "पुढच्या खेपेचं पुढे." दादी म्हणाली, "पुट, मी खोटं लपवलं आणि ते उद्या निघालं, तर तो साहेब म्हणेल, बघा, मी सांगत होतो. दार बंद होईल. आपलं लायसन जाईल ते जाईल. पण दार बंद झालं तर पुढची प्रतिभा कुठली, मला काय माहीत?" हरेशने प्रतिभाला कधी पाहिलं नव्हतं. पण ते नाव तो वर्षानुवर्षं घरात ऐकत आला होता.

ती खोकी परत उल्हासनगरला आली, आणि दादीने स्वतः बंदरावर जाऊन सांगितलं, हे माझ्या हमीतल्या मालात निघालं, हे तुमच्या ताब्यात घ्या. चौकशी बसली, ड्यूटी आणि दंड तिने भरला, आणि परवाना निलंबित झाला. भावाने तिकडे तो माणूस शोधून काढला, पण त्याने इकडे काही बदललं नाही. ते महिने फार वाईट गेले. गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. ऑफिसात फोन वाजेना. हरेश आईशी बोलेनासा झाला, म्हणजे "जेवलीस का" एवढंच बोलायचा. आणि दादी रोज ठरल्या वेळी येऊन बसायची, मला म्हणायची, "नंदा, काही नसेल तर पंखा पूस." मी एकदा विचारलं, "दादी, पस्तावा नाही होत?" ती म्हणाली, "होतो ना. हरेशचं तोंड बघितलं की होतो. रोज होतो." मग म्हणाली, "पण तो चिखल ओला होता, पुट."

वर्षाच्या आत परवाना परत मिळाला. स्वतःहून सांगितलं याची नोंद तिच्या बाजूने गेली म्हणे. दरम्यान आदेशात थोड्या अटी वाढल्या, पण दार बंद झालं नाही. हळूहळू काही गिऱ्हाइकं परतली. ज्याने हॉलमध्ये तिला सुनावलं होतं तो एजंट एक दिवस आला आणि म्हणाला, "दादी, माझ्याकडे एक खेप आहे, आसामच्या पुरासाठी. हमी कशी लिहितात ते सांग." तिने त्याला बसवून घेतलं. तो गेल्यावर हरेशने तिच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि समोर स्वतःचा घेऊन बसला. किती तरी महिन्यांनी दोघं समोरासमोर बसली होती. मी उठून उगाच बाहेर गेले.

मग तिचं शरीर थकत गेलं. शेवटची भेट झाली तेव्हा ती घरीच पलंगावर होती. मी मांजर्लीहून काही ना काही घेऊन जायची. त्या दिवशी गोडा मसाला घातलेली वांग्याची भाजी नेली होती. दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "भाजी चांगला झालाय." मी हसले. तीही हसली. मला वाटतं, शेवटी शेवटी ती मला हसवायला मुद्दाम चुकत असावी. निघताना तिने माझा हात धरून विचारलं, "नदी कशी आहे?" मी म्हटलं, "शांत आहे." दर चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, ती त्या नदीत तांदूळ-साखर सोडायची. ज्या नदीने माझं घर बुडवलं तिच्यावर तिने कधी राग धरला नाही. "पाण्याला कळत नाही," ती म्हणायची, "माणसाला कळतं."

बाराव्या दिवशी हरेशला पगडी बांधली, त्यांच्या रीतीने आता घरचा कर्ता तो. त्यानंतर मला ऑफिसात जाववत नव्हतं. गेल्या आठवड्यात गेले. ऑफिसच्या मागे एक खोली आहे. उल्हासनगरात जिन्याखालच्या जागेतसुद्धा शिलाई मशीन बसवतात, तिथे ही एवढी खोली दादीने पुरानंतर कायम रिकामी ठेवली होती. भिंती कोरड्या, खिडकीला जाळी, जमिनीवर लाकडी फळ्या अंथरलेल्या, वर काही नाही. कुठून माल आलाच तर एक रात्र तरी कोरडा राहायला जागा हवी, एवढंच ती सांगायची. खालच्या जीन्सवाल्यांनी ती भाड्याने मागून मागून पिच्छा पुरवला होता. हरेशही म्हणायचा, अम्मा, चांगलं भाडं येईल. मी वर गेले तर बाहेरच्या टेबलाशी कुणी नव्हतं आणि त्या खोलीचं दार उघडं होतं. आत हरेश, बाह्या दुमडून, एकेक फळी उचलून खालचा केर काढत होता. फोन त्याने खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबून धरला होता. मला पाहून त्याने नुसती मान हलवली. पलीकडे खालचाच शेठ असावा, त्याचा आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता. आता तर दादी नाही, आता तरी दे, असं काहीतरी तो म्हणत होता. हरेशने ऐकून घेतलं. एक फळी नीट बसवली, तिच्यावर पाय देऊन पाहिली, आणि त्या मोकळ्या खोलीच्या मध्यावर उभा राहून म्हणाला, "नहीं सेठ. वो कमरा खाली नहीं है."